तिसरीतल्या पोराला कर्सिव्हची सक्ती कशाला?

म्हापसेकरीण
परवा पोराची इंग्रजीची वही उघडली तर दहापैकी सहा. उत्तरं सगळी बरोबर. चार मार्क गेले कशाचे, तर जोडून लिहिलं नाही म्हणून. शाळेत जाऊन विचारलं तर म्हणे नियमच आहे, तिसरीपासून कर्सिव्ह. आता रोज संध्याकाळी चार रेघी वही घेऊन बसतं बिचारं. काल कॅपिटल क्यू काढत होतं, तो कर्सिव्हमधला क्यू म्हणजे हुबेहूब इंग्रजी दोनचा आकडा, तर विचारतं "आई, अक्षरं लिहायची वहीत दोन का काढायचा?" मी गप्प.

मी मराठी शाळेतली, पेडण्याकडची. आम्हाला इंग्रजी पाचवीत आणि ती पण एकदम चार एबीसीड्या! पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. तिसरी-चौथी म्हणजे हेच कर्सिव्ह. सरांनी पावसाळाभर गिरवून घेतली, ओल धरलेल्या वहीवर शाई अशी पसरायची की एल आणि बी एकच दिसायचे. दहावीनंतर मी त्यातलं एक अक्षर वापरलं असेल तर शपथ. बँकेत स्लिपा भरल्या, फॉर्म भरले, सगळीकडे चौकोनात सुटी कॅपिटल अक्षरं मागतात.

माझं म्हणणं एवढंच, अक्षर चांगलं हवं हे कबूल, पण ते जोडलेलंच हवं हा हट्ट कशाला? पटत नसेल तर भांडा, पण पोराला आळशी म्हणू नका, तो चित्रं तासन्‌तास काढतो.

दस्तऐवजवाला
साफ असहमत. मी पणजीत लोकांची जुनी कागदपत्रं वाचून द्यायचं काम करतो, जन्माचे दाखले, जमिनीचे कागद, पोर्तुगीज काळातले. सगळं हातचं, सगळं जोडून. १९६१ च्या आधीचं गोव्यातलं कुठलंही रजिस्टर उघडा, पानभर एक वेलबुट्टी धावत असते, कुठे शब्द संपला आणि कुठे सुरू झाला कळायला डोळे मुरावे लागतात. आजोबांच्या जन्माच्या दाखल्यासाठी पंचविशीतली मुलं येतात ना, पोर्तुगीज येत नाही ते सोडा, त्यांना अक्षरच लागत नाही. इंग्रजी मिडियमची मुलं, पण नुसतं कर्सिव्हमध्ये स्वतःचं आडनाव ओळखता येत नाही. मागे एका घरात एन चा यू वाचला गेला आणि तेच चुकीचं आडनाव पुढच्या तीन कागदांवर उतरलं, ते निस्तरायला दीड वर्ष लागलं.

तुमची पिढी लिहायचं सोडतेय, पुढची वाचायचं सोडेल. मग स्वतःच्याच भाटाचा, म्हणजे माडांच्या बागेचा, कागद वाचून घ्यायला पैसे मोजा. (माझा धंदा चालेल म्हणा.)

डावखुरा_फोंडा
दस्तऐवजवाला साहेब, तुम्ही स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलात की हो. एन चा यू झाला तो कशामुळे? जोडून लिहिल्यामुळेच ना! सुटं लिहिलं असतं तर दीड वर्ष वाचलं असतं.

माझं मेडिकल स्टोअर आहे, वीस वर्षं झाली. कर्सिव्हचं काय कौतुक ते मला सांगू नका, रोज प्रिस्क्रिप्शन वाचतो. डॉक्टरला फोन करून "हे काय लिहिलंय" विचारायची लाज कधीच गेली, कारण एका अक्षराने औषध बदलतं. २०१६ मध्ये मेडिकल कौन्सिलने डॉक्टरांच्या नियमातच घातलं की औषधाचं नाव वाचता येईल असं लिहा, शक्यतो कॅपिटलमध्ये. म्हणजे जिथे जिवाशी गाठ आहे तिथे देशाने ठरवलं, सुटं लिहा.

आणि मी डावखुरा. शाळेत पट्टी खाल्लीय. उजवा हात डावीकडून उजवीकडे पेन ओढतो, डावा ढकलतो, आणि आत्ताच लिहिलेल्या ओल्या शाईवरून तळहात फिरतो. फाउंटन पेनचं कर्सिव्ह आणि डावा हात, दहा मिनिटांत करंगळीपासून मनगटापर्यंत निळा. आईला वाटायचं मी मुद्दाम करतो.

शाळेतली_बाई
शिकवते त्यामुळे दोन शब्द. मार्क कापणं चूक, हे आधीच सांगते. उत्तराचे मार्क अक्षराला कापायचेच नाहीत, अक्षराला वेगळे द्या हवं तर.

पण कर्सिव्ह टाकाऊ हे मला पटत नाही. वर्गात दरवर्षी दोन-तीन मुलं बी आणि डी उलटसुलट करणारी असतात. कर्सिव्हमध्ये या दोन अक्षरांची सुरुवातच वेगळ्या हालचालीने होते, त्यामुळे माझ्या वर्गात तरी काहींचा गोंधळ कमी झालेला बघितलाय. सगळ्यांचा नाही. शिवाय शब्दातली अंतरं आपोआप सुधारतात, नाहीतर मुलं एका शब्दाच्या मध्येच एवढी जागा सोडतात की शेजारच्या मुलाने घुसून बसावं.

अभ्यासू_मडगाव
जगात काय चाललंय तेही बघा. अमेरिकेत २०१० च्या कॉमन कोअर अभ्यासक्रमात कर्सिव्ह नव्हतंच, मग बऱ्याच राज्यांनी परत आणलं, कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा करून पहिली ते सहावीला सक्तीचं केलं. फिनलंडने मात्र २०१६ पासून सक्ती काढली. हाताने लिहिल्याने डोक्यात जास्त राहतं असं दिसलंय, २०१४ चा लॅपटॉप विरुद्ध वहीचा अभ्यास वाचा. म्हणून कर्सिव्ह हवंच.

डावखुरा_फोंडा
@अभ्यासू, तो अभ्यास लॅपटॉप विरुद्ध पेन असा होता. जोडून विरुद्ध सुटं असा नव्हे. पेन जिंकलं म्हणून कर्सिव्ह जिंकलं कसं? हे म्हणजे चालणं तब्येतीला चांगलं, म्हणून सगळ्यांनी कवायतच करा.

अभ्यासू_मडगाव
बरं, हा मुद्दा मान्य. बाकीचे नाही.

बोरू_आणि_दऊत
इंग्रजीवरून एवढी खडाजंगी चाललीय आणि आपल्या घरचं कर्सिव्ह कुणाला आठवेना. मोडी! मी गेली चार वर्षं शिकतेय, डिचोलीहून आठवड्यातून एकदा जाते. मोडीत आधी पानभर आडवी रेघ मारून घ्यायची आणि मग तिच्याखाली अक्षरं टांगत जायची, हात शक्य तितका न उचलता. देवनागरीत आपण उलट करतो, शब्द लिहून मग वर टोपी घालतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हं नाहीत. कारकुनाला वेग हवा होता, वाचणाऱ्याचं त्याने बघून घ्यावं!

आणि म्हणूनच ती गेली. छपाईला बाळबोध, म्हणजे देवनागरी, सोपी पडली, शाळांतून मोडी १९५० च्या आसपास उठली, आता आजोबांचे कागद घरात आहेत आणि वाचणारं कुणी नाही. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ मध्ये, तोवर वाचणारे बोटावर मोजण्याएवढे. पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज आहे तसे मोडीतले मराठी कागदही आहेत. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांसारखा माणूस दोन्हीकडचं वाचू शकायचा म्हणून आपल्याला थोडाफार इतिहास तरी कळला.

तरी सांगते, मी सक्तीच्या बाजूने नाही. बोरूला आणि टाकाला शाई लागायची, उचलला की डाग, म्हणून जोडून लिहायचे. बॉलपेन दाबून लिहावं लागतं, बिरोने १९३८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं तेव्हाच या सगळ्याचं कारण संपलं. बॉलपेनने पोराकडून पानभर कर्सिव्ह काढून घेणं म्हणजे होडीला चाकं लावणं.

दस्तऐवजवाला
@बोरू, तुमचंच उदाहरण माझ्या बाजूचं आहे. मोडी गेली आणि कागद मुके झाले. कर्सिव्हचं तेच होऊ द्यायचं?

पडद्यामागचा
आमच्या गावची वेगळी गंमत. देवळाच्या जत्रेत दरवर्षी नाटक. झेरॉक्स नव्हती तेव्हा पुस्तक एकच यायचं आणि मग ज्याचं अक्षर चांगलं त्याच्या घरी रात्री बसून प्रत्येक पात्राची नक्कल काढायची. नक्कल म्हणजे फक्त त्या पात्राची वाक्यं आणि आधीच्या माणसाच्या वाक्याचं शेपूट. माझे वडील काढायचे. कंदिलाच्या उजेडात, मोठ्ठी सुटी अक्षरं, प्रत्येक शब्दावर टोपी ठसठशीत. एकदा घाईत दुसऱ्या कुणीतरी भरभर जोडून लिहून दिली. आमचा खलनायक शिक्षणाने चौथी पास, भर रंगमंचावर "तुझा वध करीन" च्या जागी "तुझा वर करीन" म्हणाला. ध आणि र घाईत लिहून बघा, कळेल. पुढची दहा वर्षं गावात त्याला जावई म्हणायचे.

वडील म्हणायचे अक्षर लिहिणाऱ्यासाठी नसतंच. मला या वादात एवढंच कळतं.

शाळेतली_बाई
@पडद्यामागचा 😂 जावई!

पण हो, वाचणाऱ्याचं बघायचं तर मीही सुटंच मागेन. तरी @दस्तऐवजवाला जे म्हणतात त्यात एक फट आहे. जुने कागद वाचता येण्यासाठी लिहिता यायला हवं का? मला वाटतं थोडं तरी हवं. हाताने एकदा वळण घेतलं की डोळ्याला कळतं पेन कुठून कुठे गेलं असेल.

डावखुरा_फोंडा
नाही पटत बाई. मी डॉक्टरांचं सगळं वाचतो, तसं लिहायला एक ओळ सांगा, मेलो तरी जमणार नाही. वाचणं नजरेच्या सवयीने येतं.

बोरू_आणि_दऊत
माझा अनुभव मधला आहे. मोडीत लिहायला आधी शिकवलं म्हणून बाराखडी बसली, पण खरं वाचन यायला लागलं ते कागदामागून कागद वाचल्यावर. लिहिणं सहा महिने केलं, वाचणं चार वर्षं चालूच आहे. आणि प्रत्येक कारकुनाची मोडी वेगळी, हे कुठल्याही गिरवायच्या वहीत नसतं.

दस्तऐवजवाला
पोर्तुगीजमध्येही तसंच, प्रत्येक लेखनिकाचा हात वेगळा. वर १९११ च्या आधीचं स्पेलिंग वेगळं, फार्मासिया पीएचने लिहायचे. बरं, मग माझी मागणी बदलतो. लिहायची सक्ती नको. पण आठवीत-नववीत आठवड्याला एक तास, घरातलंच जुनं पत्र किंवा कागद आणा आणि वाचा. मार्क नाहीत.

म्हापसेकरीण
हे मला चालेल. नववीत तो हे मजेत करेल, आत्ता तिसरीत त्याचा जीव काढताय.

तुमचं वाचून काल सासऱ्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. एक कागद निघाला, वाळवीने कोपरा खाल्लेला. मला एक शब्द लागेना, पोराला दाखवला तर तो म्हणाला हा पी, हा ए, हा एल. मला राग यावा की आनंद व्हावा कळेना. पुढे तोही अडकला. फोटो टाकते, @दस्तऐवजवाला बघा जमलं तर.

दस्तऐवजवाला
पाल्मार. माडाचं भाट. पोराचं बरोबर आहे. त्याच्या खालच्या ओळीत सीमा दिल्यात, पूर्वेला काय आहे ते दुमडीत गेलंय. कागद उलगडून, सपाट करून, उजेडात पुन्हा फोटो काढा. इस्त्री फिरवू नका, फाटेल.

डावखुरा_फोंडा
आणि शाळेत ते चार मार्क परत मागा.