मदत हवी आहे : उत्तरं वाचून चुका दाखवणारं कोणी मिळेल का?

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितोय. बीएस्सी ॲग्री झालंय. दिवसभर वावरात, रात्री राज्यसेवेचा अभ्यास.

२०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. लेखी १७५० गुण, मुलाखत २७५. गोल काळे करायचे दिवस गेले. पुस्तकं, व्हिडिओ सगळं मोबाईलात आहे (लाइन असली तर!), पण माझं उत्तर वाचून ‘इथं घसरलास’ म्हणणारं कोणी नाही.

असा माणूस काय कामाचा असतो ते मागच्या वर्षी कळलं. गावातल्या निवृत्त गुरुजींनी माझं गुलाबी बोंडअळीवरचं दोन पानी उत्तर वाचलं अन् लाल पेनानं पहिला अख्खा परिच्छेद खोडला. “विचारले उपाय, तू अळीचा इतिहास सांगून राहिला बाबू!” तेव्हापासून प्रश्न दोनदा वाचतो. गुरुजी आता मुलाकडे नागपूरला गेले, डोळ्यांनीही साथ सोडली.

मग एका क्लासचा ‘पर्सनल मेंटॉर’ घेतला. महिन्याला एक फोन, त्यातही “मेहनत करत राहा”. सोयाबीनचे पैसे गेले.

यवतमाळ-अमरावतीकडे निवड झालेलं कोणी महिन्याला दोन-तीन उत्तरं पाहील का? अशा माणसाला विचारायचं कसं? आधी फोन करू की सरळ उत्तराचा फोटो पाठवू? पैशाचं बोललो तर राग येईल का? आणखी किती वर्षं द्यायची, हेही घरच्यांशिवाय दुसऱ्या कोणाला तरी विचारायचं आहे.