होमरूलच्या झेंड्यात युनियन जॅक कसा काय?

गोदाकाठ७
मुलीच्या शाळेत ९ ऑगस्टला क्रांतिदिनाचं प्रदर्शन आहे, तिच्या वाट्याला १९१७ चा होमरूलचा झेंडा आलाय. मेनरोडवरून सॅटिन आणलं, पाच लाल चार हिरवे असे आडवे पट्टे शिवूनही झाले, पण वरच्या डाव्या कोपऱ्यात युनियन जॅक लावायला घेतला तर सासूबाई म्हणाल्या, टिळकांच्या झेंड्यात इंग्रजांचं निशाण असेलच कसं, नेटवरचं चित्र चुकलंय. आता मलाही धाकधूक वाटतेय. आणि ते सात तारे एका रांगेत लावले तर चालतील का?

पंचवटीकर
ताई, चित्र बरोबर आहे, कोपरा काढू नका प्लीज. टिळक आणि अ‍ॅनी बेझंट तेव्हा मागत होते ते साम्राज्यात राहून स्वराज्य, कॅनडा-ऑस्ट्रेलियाला होतं तसं, म्हणून तो जॅक. मे १९१७ मध्ये होमरूल लीगला वर्ष झालं तेव्हा टिळकांचं गाजलेलं भाषण आपल्या नाशकातच झालं, हे मुलीला नक्की सांगा. सासूबाईंना खटकलं ते तेव्हाच्या बऱ्याच लोकांनाही खटकलं होतं, १९२१ ला बेझवाड्यात पिंगली वेंकय्यांनी गांधीजींना झेंडा दाखवला त्यात जॅक नव्हता.

सिडकोचे_सर
अमेरिकेतही अगदी हेच झालं. १७७५ च्या शेवटी त्यांनी जो झेंडा वापरायला घेतला त्यात तेरा वसाहतींचे तेरा पट्टे आणि कोपऱ्यात ब्रिटिश निशाण, कारण लढाई सुरू झाली होती पण राजाशी नातं अजून तोडलं नव्हतं. पुढे १४ जून १७७७ च्या ठरावाने तिथे निळ्यावर तेरा पांढरे तारे आले, ठरावात त्यांना नवं तारामंडळ म्हटलंय. पट्टे तेच राहिले, फक्त कोपरा बदलला, आणि मला तर वाटतं अख्ख्या क्रांतीची गोष्ट त्या कोपऱ्यातच आहे.

तारे मात्र रांगेत नकोत. ते सप्तर्षी आहेत, चार ताऱ्यांचा चौकोन आणि तीनची वाकलेली शेपटी, तसेच टाका. संध्याकाळी ढग नसतील तर गच्चीवरून वायव्येला दिसतील, मुलीला तिथे बघून काढू दे. वर उजवीकडे चंद्रकोर आणि तारा राहिलाय बहुतेक, तो विसरू नका.

गोदाकाठ७
हो राहिलाच होता! कोर कापली आत्ता पांढऱ्या कापडाची. ढग आहेत खूप, पण चौकोन-शेपटी कागदावर काढून सुईने टोचून घेतली, तारे त्यावरूनच लावतोय. सासूबाईंना नाशकातल्या भाषणाचं सांगितलं तर त्याच आता जॅकला टाके घालतायत.