मालिकेतल्या 'त्या' मुलांबद्दल घरात आणि ग्रुपवर जे बोललं जातं, त्याला काय उत्तर द्यावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो. आमच्या इमारतीतल्या बायकांची दर महिन्याला भिशी असते आणि हल्ली भिशीत सगळ्यांनी पाहिलेल्या एखाद्या मालिकेवर गप्पा मारायची पद्धत पडली आहे. पुढच्या रविवारी भिशी माझ्याकडे आहे आणि विषय ठरलाय तो सध्या रात्री घरोघरी लागणाऱ्या एका गुन्हेकथेचा. बोलणं सुरू करून द्यायचं आणि सावरायचंही मलाच आहे, म्हणून हा धागा. मालिकेचं नाव मुद्दाम देत नाही. शेवटचे भाग अनेकांचे बघायचे असतील, शिवाय मला मालिकेपेक्षा ती बघणाऱ्यांबद्दल विचारायचं आहे.

कथा थोडक्यात अशी. एका निवृत्त क्रीडाशिक्षकाचा खून होतो. तपासात कळतं की या माणसाने पूर्वी शाळेतल्या मुलांवर लैंगिक अत्याचार केले होते. ती मुलं आता चाळिशीला आलीत. एक बँकेत आहे, एक दारूत बुडालाय, एकाचा स्वतःचा मुलगा शाळेत जातो. पोलीस एकेकाला बोलावतात आणि प्रत्येक जण आपापल्या तऱ्हेने गप्प राहतो.

भाग संपला की आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप सुरू होतो. "इतकी वर्षं तोंड शिवलं होतं का?" हे पहिलं. "आता उकरून काय मिळणार, कोळसा उगाळावा तितका काळाच" हे वयाने मोठ्या असलेल्यांचं. एका काकूंनी तर "झाकली मूठ सव्वा लाखाची" असंच लिहिलं आणि त्याला भराभर अंगठे आले. खाली पार्किंगमध्ये शतपावली करणाऱ्या पुरुष मंडळींचा सूर वेगळा: "मुलगा असून? एक ठेवून द्यायची होती की!" आणि वर हसणं.

या 'ठेवून द्यायची' बद्दल मला फार वाटतं. मालिकेत एक प्रसंग आहे. सर घरी जेवायला आलेत. त्यांनी मुलाला धावण्याचे बूट आणून दिलेत, जिल्ह्याच्या संघात निवड करून दिली आहे. आई त्यांना आग्रहाने श्रीखंड वाढतेय, वडील हात जोडून उभे आहेत, आणि आई मुलाला म्हणते, "अरे बघत काय बसलास, सरांना पाणी दे." मुलगा तांब्या उचलतो, पण पेला भरला तरी त्याचा हात थांबत नाही, पाणी ताटाभोवती पसरतं. त्यावरून त्यालाच बोलणी बसतात. अकरा-बारा वर्षांच्या त्या पोराने कोणाला ठेवून द्यायची होती? ज्याला आईवडील देवमाणूस म्हणतात त्याला? असा माणूस आधी घरच्यांचा विश्वास कमावतो आणि मग मुलापर्यंत पोचतो, हे त्या प्रसंगात नीट दाखवलंय. पण आमच्या ग्रुपवर त्यावरही प्रश्न आला, "मग हा दुसऱ्या दिवशी सरावाला परत का गेला?"

आणि सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य, तेही एका चांगल्या शिकलेल्या मैत्रिणीचं: "असं झालेली माणसं पुढे तशीच निघतात." मालिकेचाही यात दोष आहे. संशयाची सुई फिरवायची म्हणून दर दोन भागांनी त्या तिघांपैकी कोणीतरी भेसूर दिसायलाच हवा. मुलाला शाळेतून आणणारा बापसुद्धा अशा प्रकाशात दाखवलाय की बघणाऱ्याने त्याच्यावर संशय घ्यावा. प्रत्यक्षात लहानपणी अत्याचार सोसलेली बहुतांश माणसं कोणावरही अत्याचार करत नाहीत. ती नोकरी करतात, संसार करतात, मुलं वाढवतात. रहस्य टिकवण्यासाठी त्यांच्याच डोक्यावर हा ठपका का ठेवायचा?

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बाल अत्याचारांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो केला होता. त्यात ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारच्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं. स्पर्श न करता केलेले प्रकारही त्यात धरले होते. सांगणाऱ्यांमध्ये मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा किंचित जास्तच होतं, आणि निम्म्या प्रकरणांत करणारा माणूस ओळखीतला, विश्वासातला होता. हा अभ्यास जुना आहे, पण त्या वेळची मुलं आज पंचविशी-तिशीत आहेत. आमच्या भिशीत सुना आहेत, घरात दीर आहेत, भाऊ आहेत. मालिकेतल्या माणसाला आपण जे बोलतो ते शेजारी ताट घेऊन बसलेलं कोणीतरी ऐकत असतं. 'इतकी वर्षं का गप्प' असं आज टीव्हीकडे बघून म्हटलं, की त्या माणसाला कळतं की या घरात सांगून उपयोग नाही.

ग्रुपवर हे सगळं चालू असताना एकीचा मला वेगळा निरोप आला, "या वेळी भिशीला येत नाही गं, पैसे पाठवून देते." कारण काहीही असू शकतं. मला त्यावर तर्क करायचा नाही आणि तिला विचारायचंही नाही. पण तिचं येणं याच विषयामुळे अवघड झालं असेल, तर तिला मोकळं वाटेल असं मी काय करू शकते?

तर विचारायचं हे. अशी वाक्यं आली की भांडण न करता, तिथल्या तिथे काय बोलावं? विषय बदलावा की चर्चा करावीच? आणि बोलता बोलता कोणी स्वतःबद्दल काही सांगितलं, तर सगळ्यांसमोर ते कसं सांभाळावं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद:

मी शाळेत समुपदेशक आहे, म्हणून लिहिते. चर्चा करा, पण तिची आखणी आधी करा. विषय काय आहे ते आठवडाभर आधी सांगा, म्हणजे ज्यांना यायचं नाही त्यांना कारण न देता टाळता येईल. 'चला, आता प्रत्येकीने बोला' हे अजिबात नको. कोणी मध्येच उठून स्वयंपाकघरात गेलं तर मागे जाऊन 'काय झालं गं' विचारू नका. चहा तुम्ही आत ठेवा, म्हणजे उठायला निमित्त राहील. स्वतःचे अनुभव विचारायचे नाहीत, बोलायचं ते पडद्यावरच्या माणसांबद्दलच. लोकांना त्यातून जे पोचायचं ते पोचतं.

'परत का गेला' याला साधं उत्तर आहे. सराव बंद केला तर घरी कारण सांगावं लागेल, म्हणून गेला. मुलं प्रतिकार करत नाहीत कारण शरीर जागच्या जागी खिळतं. मोठ्या माणसांचंही असं होतं. आणि मुलं बऱ्याचदा सांगतात, फक्त शब्दांत सांगत नाहीत. पोट दुखतं म्हणतात, एका ठराविक घरी जायला नकार देतात, सांडासांड करतात. तुम्ही लिहिलेला पाण्याचा प्रसंग भिशीत जरूर काढा. 'त्याने सांगितलं नाही का? मला तर वाटलं सांगितलं' एवढंच म्हणा आणि थांबा.

कोणी सांगितलंच, तर "मला सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काही चूक नव्हती" एवढं पुरे. तपशील विचारू नका, 'मग तू काय केलंस' हे तर नकोच. सगळ्यांसमोर सांगितलं असेल तर तिला हवं असेल तिथेच थांबू द्या आणि बाकीच्यांना तिथेच सांगा की हे या खोलीबाहेर जाणार नाही. नंतर तिला वाटलं तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

प्रतिसाद:

वकिली करतो, त्यामुळे फक्त कायद्यापुरतं. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. १८ वर्षांखालचं प्रत्येक मूल त्यात येतं, मुलगा असो वा मुलगी. कलम १९ प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. म्हणजे भिशीत आज एखाद्या लहान मुलाबाबत काही कळलं, तर 'आपल्यातच ठेवू' चालत नाही. इथे समुपदेशक ताईंचं 'खोलीबाहेर जाणार नाही' हे वचन देऊ नका. १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे, तिथून सुरुवात करता येते.

मोठ्या माणसाने जुनी गोष्ट सांगितली तर पुढे काय करायचं ते त्याला ठरवू द्या. 'आता उशीर झाला' असं मात्र कोणी म्हणू नका. पॉक्सोखाली तक्रारीला मुदत नाही, मोठं झाल्यावरही तक्रार करता येते, हे केंद्र सरकारने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. २०१२ च्या आधीच्या घटनांना त्या वेळचा भारतीय दंड संहितेचा कायदा लागतो, त्यासाठी वकिलाला प्रत्यक्ष भेटावं. एक मात्र जरूर बघा: तो माणूस आजही मुलांच्या सहवासात आहे का? असेल तर प्रश्न आजच्या मुलांचा आहे.

प्रतिसाद:

माझं वय सत्तरीच्या पुढे. 'झाकली मूठ' लिहिणाऱ्या काकूंवर रागावू नका गं. आम्ही पंचवटीत वाड्यात वाढलो. वाड्यातल्या बायकांना सगळं माहीत असायचं. कोणाच्या खोलीत दुपारचं जायचं नाही, कोणाच्या मांडीवर बसायचं नाही, हे आई डोळ्यांनीच सांगायची. नाव कोणी घ्यायचं नाही, कारण नाव घेतलं तर मुलीचं लग्न मोडायचं आणि तो माणूस मात्र सकाळी गोदावरीवर स्नान करून आला की पुन्हा सगळ्यांत मोठा. आम्ही मुलींना जपलं ते असं. मुलग्यांना मात्र कोणी काहीच सांगितलं नाही, कोणाच्या मनातही आलं नाही. माझ्या माहितीतला एक मुलगा नववीत घर सोडून गेला, तो परत आला नाही. कारण आम्हाला कळलं होतं. त्या काकूंना ग्रुपवर उत्तर देऊ नका, भिशीत जवळ बसवा आणि विचारा, "तुमच्या लहानपणी बायका कशा सांभाळून घ्यायच्या?" बोलतील त्या.

धागाकर्ती:

तिघांचेही मनापासून आभार. आजी, तुमचा प्रश्न मी जसाच्या तसा विचारणार आहे. मुलग्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून पार्किंगमधल्या हसण्याचं मूळ कुठे आहे ते कळलं. आता घरातल्या पुरुषांशीही बोलायला हवं, निदान माझ्या नवऱ्यापासून सुरुवात करते. वकीलसाहेब, गुप्ततेचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नसता. लहान मुलांबाबतची गोष्ट वेगळी, हे सुरुवातीलाच सांगेन. जिने येत नाही म्हणून कळवलं तिला "बरं, पैशांची घाई नाही, तुझी थाळी नंतर पोचवते" एवढंच उत्तर दिलंय.

ग्रुपवर उद्या टाकायचा मजकूर खाली देते. कुठे चुकतंय, कुठे जास्त होतंय ते आज रात्रीपर्यंत सांगा:

"रविवारी चार वाजता भिशी माझ्याकडे. मालिकेवर बोलणार आहोत, विषय लहान मुलांवरच्या अत्याचाराचा आहे. ज्यांना नको त्यांनी साडेपाचला फक्त खायला या, कारण सांगायची गरज नाही. चर्चेला लहान मुलांना आणू नये. कोणीही स्वतःबद्दल सांगावं अशी अपेक्षा नाही आणि कोणी कोणाला विचारणार नाही. येताना एकच गोष्ट आठवून या: पाण्याचा पेला सांडतो तेव्हा त्या घरातल्या मोठ्यांपैकी कोणी काय करायला हवं होतं?"