नवा कोरा असेम्बल्ड पीसी आणि तरी रखडतोय? अनुभव लिहा

सुटे भाग निवडून जुळवून घेतलेला डेस्कटॉप कागदावर भन्नाट असतो, पण चालू केल्यावर कधी कधी साधं फोल्डर उघडायलाही ताटकळत ठेवतो. तयार मशीन असेल तर निदान एका कंपनीशी भांडता येतं. इथे मदरबोर्डवाला रॅमकडे बोट दाखवतो, रॅमवाला विंडोजकडे, आणि विंडोज नुसतं गोल गोल फिरत बसतं.

"फॉर्मॅट मारा" हा सल्ला सगळ्यांना पाठ आहे, तो सोडून लिहा. नेमकं काय हळू होतं, कधी होतं आणि शेवटी घोडं कुठे पेंड खात होतं, हे हवंय. सुरू व्हायला वेळ लागणं, चालता चालता गोठणं, गेममध्ये फ्रेम रेट कोसळणं आणि नुसता माऊस अडखळणं या चार निराळ्या तक्रारी आहेत. आपण चारही "पीसी स्लो आहे" या एका वाक्यात कोंबतो, आणि मग उपायही अंदाजपंचे होतात.

—

बहिणीचं मशीन होतं, व्हिडिओ एडिटिंगसाठी घेतलेलं. प्रोसेसर दमदार, रॅम ३२ जीबी. मधूनच सगळं थिजायचं. माऊस हलायचा, पण क्लिक केलेलं काही उघडायचं नाही, आणि थोड्या वेळाने तुंबलेली सगळी क्लिक्स एकदम अंगावर यायची. तिने तोवर अँटिव्हायरस काढून झाला होता, विंडोज नव्याने टाकून झालं होतं.

मी टास्क मॅनेजर आधीच उघडून ठेवला, कारण गोठल्यावर तोही उघडत नाही. पुढच्या वेळी पाहिलं तर प्रोसेसर निवांत, मेमरी निवांत, डिस्क मात्र १०० टक्के. आणि त्या १०० टक्क्यांत वाचन-लेखनाचा वेग जवळपास शून्य! तो आकडा डिस्क किती राबतेय ते सांगत नाही, ती किती वेळ कामात अडकलेली आहे ते सांगतो. एकच काम अर्धवट लटकलं तरी १०० दिसतात.

मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, सिस्टिम लॉग पाहिला. प्रत्येक गोठण्याच्या वेळेला १२९ क्रमांकाची नोंद: डिव्हाइसला रीसेट पाठवला. म्हणजे विंडोजने डिस्कला हाक मारली, ओ आली नाही, वाट पाहून शेवटी जोडणीच झटकली. एसएसडीची स्मार्ट माहिती (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) तपासली तर तब्येत उत्तम, फक्त सीआरसी एररचा आकडा फुगलेला. हा आकडा डिस्कच्या आतल्या चिपबद्दल नसतो. डिस्क आणि बोर्ड यांच्या मधल्या वाटेत डेटा खराब झाला की तो वाढतो. ती वाट म्हणजे साटा केबल. केबल बदलली, गोठणं थांबलं. जुना आकडा तसाच राहतो, शून्य होत नाही, त्यामुळे घाबरू नका. नंतर वाढतोय का एवढंच बघायचं. दुकानदार मात्र एसएसडीच बदलायला निघाला होता.

—

रॅमबद्दल अजून कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. खोक्यावर ३६०० छापलेली डीडीआर४ रॅम आपोआप ३६०० ने चालत नाही. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डाचा प्रोग्राम) एक्सएमपी, म्हणजे रॅमला छापील वेग देणारं सेटिंग, सुरू करेपर्यंत ती २१३३, २६६६ अशा सावध वेगानेच चालते. पण खरं सांगायचं तर एवढ्यामुळे फोल्डर उघडायला वेळ लागत नाही. गेममध्ये फरक दिसतो, तोही सगळ्या गेममध्ये नाही. नेटवर मात्र प्रत्येक दुखण्याला "एक्सएमपी ऑन कर" हेच औषध सांगतात.

मित्राकडे तर नेमकं उलटं झालं. एक्सएमपी सुरूच होतं, आणि चार स्टिक मिळून तो वेग झेपत नव्हता. ब्राउझरचे टॅब आपोआप कोसळायचे, झिप उघडताना फाइल खराब असल्याचा निरोप यायचा, अधूनमधून निळा स्क्रीन. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ रात्रभर लावला तर लाल ओळींची रांग. एक्सएमपी बंद करून तीच चाचणी घेतली, एकही एरर नाही. रॅम बदलावी लागली नाही, वेग ३२०० वर आणला आणि काम भागलं. या चाचणीत "थोड्याच एरर आल्या, चालतंय" असं काही नसतं. एक आली तरी मशीनवर भरवसा ठेवू नका.

दोनच स्टिक असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावायच्या. शेजारी शेजारी लावल्या की दोन्ही एकाच चॅनलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या एकाच वाटेवर, जातात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला हे चांगलंच जाणवतं, कारण पडद्यावरचं चित्रही त्याच रॅमवर पोसलं जातं.

—

वरच्याला जोडून: डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. बिघाड समजून मध्येच बटण दाबून बंद करू नका.

—

आमच्या ऑफिसातलं मशीन सुरू झाल्यावर थोडा वेळ झकास पळायचं आणि मग मंदावायचं. परत सुरू केलं की पुन्हा थोडा वेळ झकास. नुसतं एवढं ऐकूनही उष्णतेवर संशय यायला हवा. तापमान दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो लावून पाहिलं तर काहीही जड काम नसताना तापमान ९५ अंशांच्या पुढे. डेस्कटॉप प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंशांना पोचला की जीव वाचवायला स्वतःच वेग उतरवतो. जळत नाही, म्हणून कोणाला कळतही नाही. कूलर काढला तर त्याच्या बुडाची पातळ प्लास्टिकची फिल्म जशीच्या तशी! थर्मल पेस्ट तिच्यावरच थापलेली. जुळवणाऱ्याने शेवटी हसून नवी पेस्ट लावून दिली, आम्हाला हसू आलं नाही.

याचा उलटा प्रकारही ऐकलाय: तापमान ४० अंश आणि तरी वेग ०.८ गिगाहर्ट्झच्या वर जातच नाही. तिथे आधी विंडोजचा पॉवर प्लॅन बघा. प्रोसेसरची कमाल मर्यादा कोणी खाली ओढून ठेवलेली असते.

—

नवा ४के मॉनिटर, नवं मशीन, आणि माऊसचा बाण पाण्यातून ओढल्यासारखा. टास्क मॅनेजरमध्ये सगळं शांत. डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ३० हर्ट्झ निघाला. एचडीएमआय १.४ मधून ४के चित्र ३० च्या वर जात नाही. डिस्प्लेपोर्टची केबल लावली, ६० मिळाले, तक्रार संपली. पीसी कधी स्लो नव्हताच.

—

माऊसवरून आठवलं. आईच्या पीसीवर वायरलेस माऊस फक्त काही वेळा अडखळायचा. आई म्हणायची, फोटो कॉपी करताना होतं. मी आधी उडवून लावलं, पण ती बरोबर होती. एक्स्टर्नल डिस्क यूएसबी ३ च्या खाचेत, आणि माऊसचा रिसीव्हर अगदी तिच्या शेजारी. यूएसबी ३ चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट पसरतो, आणि हे माऊस त्याच पट्ट्यात बोलतात. इंटेलने २०१२ मध्ये यावर रीतसर लेखही प्रसिद्ध केला होता. छोटी एक्स्टेन्शन केबल लावून रिसीव्हर टेबलावर आणला. तेव्हापासून आईचं निदान मी निमूट ऐकून घेतो.

—

माझं दुखणं चमत्कारिक होतं. दिवसातून मोजक्याच वेळा, एक-दोन सेकंद सगळं अडखळायचं, आणि आवाजही फाटल्यासारखा यायचा. टास्क मॅनेजरला काही पत्ता नाही, मेमटेस्ट स्वच्छ, तापमान ठीक, केबल नवी. शेवटी कळलं की फर्मवेअरमधला टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) अधूनमधून बोर्डावरच्या बायोसच्या फ्लॅश चिपशी लांबलचक देवाणघेवाण करतो आणि तेवढा वेळ बाकी सगळं थांबतं. प्रोसेसरच्या कंपनीने, एएमडीने, मार्च २०२२ मध्ये हे जाहीरपणे मान्य केलं, आणि त्याच वर्षी मे महिन्यापासून बोर्डांसाठी सुधारित बायोस यायला लागलं. माझ्या बोर्डाचं बायोस त्याच्या आधीचं होतं. नवा बोर्ड म्हणजे नवं बायोस नव्हे, गोदामात खोकं किती दिवस पडून होतं कोणास ठाऊक.

बायोस अपडेट करण्याआधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) सुरू आहे का बघा, असेल तर स्थगित करा आणि रिकव्हरी की बाहेर कुठेतरी लिहून ठेवा. नाहीतर आपल्याच डिस्कच्या दारात उभं राहावं लागेल.

—

मी हे काम पोटासाठी करतो, म्हणून थोडं रोखठोक. "नवीन" म्हणून आणलेल्या मशीनमध्ये खूपदा एक जुना भाग असतो: जुन्या पीसीतून काढलेली हार्ड डिस्क, "फोटो आहेत त्यात" म्हणून लावलेली. विंडोज एसएसडीवर असलं तरी ही मरायला टेकलेली डिस्क फाइल एक्सप्लोररला खोळंबून ठेवते. माझं पहिलं काम म्हणजे मशीन बंद करून विंडोजवाली सोडून प्रत्येक डिस्कची केबल काढणं. सुधारलं तर दोषी सापडला. मग स्मार्टमध्ये पेंडिंग सेक्टरचा, म्हणजे डिस्कला नीट वाचता न आलेल्या जागांचा, आकडा बघा. शून्याहून जास्त असेल तर दुसरं काही करण्याआधी त्यातले फोटो दुसरीकडे कॉपी करून घ्या.

स्वस्त क्यूएलसी एसएसडीची (एका पेशीत चार बिट कोंबणारी) गोष्ट वेगळी. मोठी फाइल टाकताना सुरुवातीला वेग मस्त, मग कॅश (आतली वेगवान तात्पुरती जागा) भरली की हार्ड डिस्कच्याही खाली. बिघाड नाही तो, ती डिस्क तशीच असते. जितकी भरलेली ठेवाल तितकी कॅश लवकर संपते.

आणि गेम रखडतोय म्हणून मशीन उचलून आणणाऱ्यांनी आणण्याआधी मागे वाकून बघा. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात आहे की बोर्डात? बोर्डात निघाली तर पैसे घेताना मलाच कसंतरी होतं. घेतो, पण होतं.