मधल्या सुट्टीत ‘पळू नका’, मग पळायचं कधी?

कोथरूडची_आई
मुलगा चौथीत. मोठी सुट्टी २० मिनिटांची. त्यात हात धुवायची रांग, डबा, पाण्याची बाटली. उरतात पाच-सात मिनिटं, तर जिन्यापाशी एक ताई उभ्या: ‘पळू नका!’ मैदान आहे हो, चांगलं मोठं आहे. पण गेल्या वर्षी एकाचा दात तुटला, तेव्हापासून सुट्टीत तिथे जायला बंदी. येणं-जाणं व्हॅनने. पीटीचे तास आठवड्याला दोन, त्यातला एक गणिताच्या बाई उसना घेतात आणि परत काही करत नाहीत. घरी आल्यावर शिकवणी, मग अंधार.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. आमच्याकडे सोसायटीच्या जिन्यातली धावपळ धरूनही पंधराच्या वर जात नाही.

माझं म्हणणं साधं आहे. तासांना हात लावू नका, सुट्टी २० ची ४० करा आणि मैदान उघडा. शनिवारी पालकसभेत मांडणार आहे. तिथे जे ऐकावं लागणार ते आधी इथेच ऐकवा.

खडू_डस्टर
ऐकवते. मी शिक्षिका आहे. ४० मिनिटं मैदानावर लक्ष कोण ठेवणार? वर्गात पन्नास मुलं, आणि ती २० मिनिटं आमचीही डबा खायचीच असतात. मूल पडलं की पालकांचा पहिला प्रश्न, ‘तुम्ही काय करत होतात?’ तो दात तुटल्यावर शाळेत किती फोन आले असतील, विचारा एकदा. मैदानाला कुलूप शाळेने लावलं असेल, पण लावायला कोणी भाग पाडलं? शिवाय दोन पाळ्यांची शाळा असेल तर सकाळची मुलं उशिरा सुटणार आणि दुपारची फाटकाबाहेर उन्हात उभी.

कोथरूडची_आई
फोनचं खरं आहे. आमच्याच ग्रुपवर दोन दिवस तेच चाललं होतं. मीही एक रागावलेली बाहुली टाकली होती, आता लाज वाटते.

एडिंबराकर
इथे स्कॉटलंडमध्ये ‘डेली माईल’ चालतं. २०१२ मध्ये स्टर्लिंगच्या सेंट निनियन्स शाळेत एलेन वायली या मुख्याध्यापिकांनी सुरू केलं. रोज १५ मिनिटं अख्खा वर्ग बाहेर. कपडे बदलायचे नाहीत, शर्यत नाही, दमलं तर चालायचं. पावसाची भुरभुर असली तरी जातात, नाहीतर इथे वर्षभर आतच बसावं लागेल. बाई वर्गासोबतच असतात, त्यामुळे लक्ष कोण ठेवणार हा प्रश्न येत नाही. पण ही १५ मिनिटं शिकवण्याच्या वेळातून काढतात, सुट्टीतून नाही. सुट्टी मुलांची स्वतःची.

खडू_डस्टर
सहा दिवसांची शाळा धरली तर आठवड्याला दीड तास गेला. अभ्यासक्रम राहिला की पुन्हा आम्हीच बोलणी खाणार.

एडिंबराकर
आरटीईत, म्हणजे शिक्षणहक्क कायद्यात, पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास आहेत. म्हणजे दिवसाला चार तास. तुमची शाळा किती वेळ चालते? आणि त्याच कायद्याच्या परिशिष्टात खेळाचं मैदानही लिहिलेलं आहे.

खडू_डस्टर
हिशोब बरोबर आहे. पण परीक्षा त्या हिशोबाने होत नाहीत.

वस्तीशाळेचा_मास्तर
आमची पोरं वस्तीवरनं दोन-अडीच किलोमीटर चालत येतात. मैदानाला भिंतच नाही, कुलूप लावणार कशाला? चुन्याची फक्की मारली की आट्यापाट्या सुरू, लंगडीला तर तीही लागत नाही. पण मार्चनंतर दुपारच्या सुट्टीत मीच ओरडतो, सावलीत बसा म्हणून. तुमची ४० मिनिटं भर उन्हात असतील तर काय उपयोग? आमच्याकडं पोरं शाळा भरायच्या अर्धा तास आधीच हजर असतात. परिपाठापर्यंत घामाघूम. शहरात व्हॅन शाळेपासून जरा लांब उभी करा, निम्मं काम होईल.

कोथरूडची_आई
लांब म्हणजे मुख्य रस्त्यावर, गुरुजी. तिथे फुटपाथवर दुचाक्या चालतात. मोठ्यांनाच जीव मुठीत धरून जावं लागतं.

दादरचे_आजोबा
सगळं शाळेच्या गळ्यात का घालता? शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिर १९२५ पासून आहे. संध्याकाळी पाठवा, मल्लखांब करू दे. आमच्या लहानपणी दिवेलागणीला हाका मारून घरी आणावं लागायचं. तुम्ही शिकवणीला पैसे भरता आणि मैदान मात्र शाळेकडे मागता.

भाचीची_मावशी
आजोबा, पाठवा म्हणजे नेऊन सोडा आणि परत आणा. साडेपाचला घरी असतं कोण? ज्यांच्याकडे आजी-आजोबा आहेत त्यांचीच मुलं जाणार. शाळेत सगळी मुलं एका जागी असतात, म्हणून शाळा.

पण कोथरूडची आई, तुमच्याशीही भांडण आहे. भाची सातवीत. तिच्या शाळेत सुट्टीत मैदान उघडंच असतं. मुलगे मधोमध क्रिकेट मांडतात, चेंडू चारी दिशांना. मुली कडेने गप्पा मारत फेऱ्या घालतात नाहीतर पायऱ्यांवर बसतात. नुसतं फाटक उघडून मैदान सगळ्यांचं होत नाही. दोन दिवस बॅट-बॉल बंद ठेवा, अर्ध्या भागात खो-खोची आखणी करा, काहीतरी ठरवा.

दादरचे_आजोबा
हे मान्य. आमच्या हाका सगळ्या मुलग्यांनाच असायच्या. बहिणी घरात असायच्या.

कोथरूडची_आई
४० सोडते, ३० मागते. आठवड्यातले दोन दिवस क्रिकेटविना. ऊन वाढलं की हीच वेळ सकाळी, परिपाठाआधी. आणि किरकोळ पडझडीसाठी शाळेला जाब विचारणार नाही, असं लिहून सही करते. ग्रुपवर फिरवते आजच, बघू किती जणी पुढे येतात.

खडू_डस्टर
आमच्या शाळेत अशा वीस सह्या जरी आल्या, तर मी मैदानावर उभी राहून डबा खाईन.

कोथरूडची_आई
रात्रीचे साडेदहा. चार सह्या. एकीने विचारलंय, ‘किरकोळ’ म्हणजे नेमकं किती?