काकांच्या खुनाची १९९६ची फाईल बघायची आहे, सुरुवात कुठून करू?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. विषय जरा जड आहे पण इथे कोर्टातली, पोलिसातली माणसं आहेत म्हणून विचारतेय. माझ्या थोरल्या काकांचा १९९६ साली खून झाला. कराडकडचं आमचं गाव, गुऱ्हाळाचा सीझन चालू होता, रात्री गुऱ्हाळावरून घरी यायला निघाले ते आलेच नाहीत, सकाळी ऊसतोडीच्या माणसांना पाटाच्या कडेला सापडले. मी तेव्हा चौथीत होते. पोलीस यायचे, चहा घ्यायचे, आजोबांशी बोलून जायचे, मग यायचेच बंद झाले. आरोपी मिळाला नाही. केस 'फाईल झाली' असं आजोबा म्हणायचे, त्याचा अर्थ त्यांना तरी कुणी नीट सांगितला होता का देव जाणे.

आता आजोबांच्या ट्रंकेत घटनास्थळ पंचनाम्याची कार्बन कॉपी मिळालीय. बरीचशी पुसट आहे, पण लागतं ते असं: सायकल स्टँडवर लावलेली, हँडलला कापडी पिशवी, त्यात गुळाची ढेप आणि हिशोबाची वही, अंगठी बोटातच, खिशात पैसे. म्हणजे चोरीसाठी नाही झालं हे मलाही कळतंय, आणि माणूस सायकल स्टँडला लावून उतरला म्हणजे ओळखीचं कुणीतरी भेटलं असणार ना? ती वही पुढे घरी कधी आलीच नाही. आणि दोन पंचांपैकी एकाची सही बघून माझं डोकंच चालेना, कारण काकांच्या बांधाला लागून असलेला तुकडा नंतर त्याच माणसाच्या नावावर झाला.

कागद मिळतील का, इतक्या वर्षांनी केस परत उघडते का, आणि त्या पंचाला जाऊन भेटू का? आई म्हणते उकरून काय मिळणार. काकू पिंपरीला चुलतभावाकडे असते, तिला अजून बोलले नाहीये.

तालुका_कोर्ट

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. भेटू नका. गावातल्या कुणालाच आत्ता काही विचारू नका, तुम्ही एकाला विचारलंत की संध्याकाळपर्यंत पारावर चर्चा असते. आधी कागद, माणसं नंतर.

'फाईल झाली' म्हणजे बहुतेक ए समरी (तपास बंद करायचा पोलिसांचा रिपोर्ट) कोर्टात मंजूर झाली. आपल्याकडे पोलीस तीन प्रकारे समरी मागतात. गुन्हा खरा पण तपास लागला नाही ती ए, फिर्यादच खोटी ती बी, आणि गैरसमजातून नाहीतर दिवाणी वादातून नोंद झालेली ती सी. आता ए मधे पण दोन पोटप्रकार आहेत आणि हे लोकांना माहीत नसतं. एक म्हणजे काहीच धागा मिळाला नाही, आणि दुसरा म्हणजे माणूस कोण ते कळलंय पण कोर्टात उभं करण्याइतका पुरावा नाही. तुमच्या काकांची समरी यातली कुठली, हे समरी रिपोर्ट वाचल्याशिवाय कळणार नाही, म्हणून तो कागद पहिला हवा. तो मॅजिस्ट्रेट कोर्टात गेलेला असतो, त्यामुळे नकलेचा अर्ज तिथे करायचा. गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) आणि साल लागेल, ते तुमच्या पंचनाम्याच्या वरच्या कोपऱ्यात असायला पाहिजे.

केस उघडते का, तर हो. खुनाला मुदतीचा कायदा लागत नाही, ती मुदत तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांना आहे. समरी मंजूर झाली तरी पुढचा तपास करता येतो, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत (सीआरपीसी) कलम १७३(८) होतं, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसमधे १९३(९). पण 'आम्हाला संशय आहे' एवढ्यावर कोणी हलत नाही, काहीतरी नवीन दाखवावं लागतं.

एक सांगा, फिर्याद कोणी दिली होती?

उगीच_आपलं

राग मानू नका पण आईचं पण ऐका. ज्याने केलं तो एव्हाना म्हातारा नाहीतर वर गेलेला असणार. तुम्ही शहरात राहता, भाऊबंद गावात राहतात, त्रास त्यांना होणार.

खाकीतून_रिटायर

मी ठाणे अंमलदार म्हणून बरीच वर्षं काढली, त्यामुळे दोन गोष्टी सांगतो, आवडणार नाहीत.

पंच म्हणजे खुनाचा साक्षीदार नव्हे. सकाळच्या पारी उसाच्या फडात पंच मिळणं किती मुश्कील ते आम्हाला विचारा, सह्या करायला कोणी पुढे येत नाही, मग जो समोर दिसेल, ज्याला लिहितावाचता येतं, त्याला उभं करायचं. शेजारच्या बांधावरचा माणूस पंच झाला यात मला काही विशेष वाटत नाही, तोच तिथे असणार. जमीन त्याने घेतली हा वेगळा धागा आहे, तो वेगळा तपासा.

दुसरं, सायकल. पंचनाम्यात सुरू केल्याची वेळ लिहिलेली असते, बघा. समजा सकाळी साडेनऊची असेल आणि मजूर सहाला आले असतील, तर मधल्या साडेतीन तासांत अर्धं गाव येऊन गेलं. आडवी पडलेली सायकल कुणीतरी उचलून स्टँडला लावली असेल, वाटेत नको म्हणून. ऊसतोडवाल्यांच्या जबाबात सायकल कशी होती ते आलं असेल तर ते खरं धरायचं, पंचनाम्यातलं नाही. म्हणून त्यांचे जबाब मिळवा. ती माणसं सीझन संपला की बीड-नगरकडे गेली असतील, पण जबाबात गाव-तालुका लिहिलेला असतो.

वहीचं मात्र मला खटकतंय. पंचनाम्यात आली म्हणजे एकतर मुद्देमालात जमा झाली असणार नाहीतर सुपूर्दनाम्यावर, म्हणजे सही घेऊन, घरच्यांना परत दिली असणार. मुद्देमाल रजिस्टरला तिची नोंद आहे का, परत दिली तर कुणाच्या सहीने, हे विचारा. गुळाचा व्यवहार उचलीवर, उधारीवर चालतो, त्या वहीत कोणाकडे किती येणं होतं ते असणार.

कपड्यांवरच्या रक्ताची आशा फार धरू नका. त्या काळात सी.ए. (सरकारी रासायनिक तपासणी) रिपोर्टमधे बहुतेक 'मानवी रक्त, गट अमुक' एवढंच यायचं. कपडे अजून असले तर डीएनएचं बघता येईल, पण मुद्देमाल खोलीतली ओल आणि उंदीर मी पाहिलेत. बोटांचे ठसे उचलले असतील तर जरा बरं, आता महाराष्ट्र पोलिसांकडे अँबिस ही ठसे जुळवायची संगणक यंत्रणा आहे, जुने चान्स प्रिंट (घटनास्थळी मिळालेले ठसे) त्यात टाकून बघता येतात.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. सायकलचा मुद्दा वाचून जरा वेळ गप्पच झाले. पंचनाम्यावर वेळ १०.१५ आहे.

फिर्याद पोलीस पाटलांनी दिली होती. त्यामुळे काही फरक पडतो का?

@उगीच_आपलं, भाऊबंदांचं म्हणाल तर गावात आमचं आता कोणीच राहत नाही, शेत वाट्याने दिलंय.

तालुका_कोर्ट

पडतो फरक. समरी मंजूर करण्याआधी मॅजिस्ट्रेटने फिर्यादीला नोटीस काढून म्हणणं ऐकायचं असतं, सुप्रीम कोर्टाचा १९८५चा भगवंत सिंग निकाल आहे. पण नोटीस फिर्यादीला. पाटील फिर्यादी म्हणजे नोटीस पाटलांना गेली असणार, तुमच्या आजोबांना ती जायलाच पाहिजे असं बंधन नव्हतं. त्यांना काही कळलं नाही ते यामुळे असू शकेल. आता कायद्यात 'पीडित' या व्याख्येत वारस पण धरतात, २००९च्या शेवटापासून. म्हणून पुढे तपासाचा अर्ज करायची वेळ आली तर तो काकू किंवा चुलतभावाच्या नावाने जायला हवा, पुतणीच्या नावाने गेला तर पहिली हरकत तिथेच येईल. काकूंशी बोलणं टाळू नका, ते आत्ताच करा.

तळेगावकर

घरच्या माणसाने केस लावून धरायची म्हणजे काय ते आमच्या गावाने पाहिलंय. सतीश शेट्टी, माहिती अधिकारवाले, जमिनीचे घोटाळे बाहेर काढत होते. १३ जानेवारी २०१०, सकाळी फिरायला बाहेर पडले आणि भर रस्त्यात मारलं. भाऊ संदीप शेट्टी तेव्हापासून मागे लागलेत. हायकोर्टाने दखल घेतली, सीबीआयकडे तपास गेला, आणि सीबीआयने २०१४ला केस बंद करायचा रिपोर्ट दिला, मधे परत उघडली, २०१८ला परत बंदचा रिपोर्ट. हे एवढं गाजलेलं प्रकरण, पेपरात रोज. घाबरवायला सांगत नाही, पण दोन-चार महिन्यांत काही होईल अशा हिशोबाने उतरू नका. आणि फेसबुकवर नाव घेऊन काही टाकू नका, अब्रुनुकसानीची नोटीस तुम्हालाच येईल.

जमिनीचं मात्र घरबसल्या होतं. त्या गटाचा फेरफार (मालकी बदलल्याची नोंद) काढा, गाव नमुना ६. 'आपले अभिलेख' या सरकारी साइटवर बरेच जुने स्कॅन आहेत, नाहीतर तहसीलला रेकॉर्ड रूम. खरेदी असेल तर दुय्यम निबंधकाकडे सूची २, म्हणजे दस्तनोंदणीचा उतारा. कोणी कोणाला विकली, किती सालात, किमतीला, सगळं येतं. खुनाच्या आधीच साठेखत (विक्रीचा आगाऊ करार) झालं असेल तर तुमचा संशय तिथेच मिटेल.

थेम्सकाठ

लंडनहून. इकडे डॅनियल मॉर्गनची केस आहे, खाजगी डिटेक्टिव्ह, १० मार्च १९८७ला पबच्या कार पार्कमधे डोक्यात कुऱ्हाड घातलेली सापडली. भाऊ अलास्टेर तीसहून जास्त वर्षं लढला. शिक्षा आजपर्यंत कुणालाही नाही. पण २०२१ला स्वतंत्र पॅनेलने मेट्रोपोलिटन पोलिसांना संस्थात्मक भ्रष्टाचाराचा ठपका ठेवला, आणि २०२३मधे कळलं की न्यू स्कॉटलंड यार्डमधेच एका कुलूपबंद कपाटात या केसचे कागद पडून होते, जे पॅनेलला कधी दिलेच नव्हते. तेव्हा 'रेकॉर्ड नाही' असं तोंडी सांगितलं तर उठून येऊ नका, लेखी मागा.

कृष्णाकाठची

तेच झालंय! मधे भावाच्या मित्राने पोलीस स्टेशनला चौकशी केली, म्हणे एवढं जुनं नष्ट केलं. तोंडीच. फेरफार आज रात्री बघते. काकूशी बोलले काल, ती आधी रडली आणि मग म्हणाली की वही तिने स्वतः मागितली होती, 'साहेबांकडे आहे' असं उत्तर मिळालं.

माहिती अधिकारात अर्ज टाकला तर तपासाचं कारण देऊन नाकारतील ना?

तालुका_कोर्ट

नाकारायचा प्रयत्न करतील, माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(h) लिहून. तुम्ही अर्जातच कलम ८(३) लिहा. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती द्यावीच लागते, अपवाद फक्त ८(१) मधले a, c आणि i, म्हणजे देशाची सुरक्षा, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद. तपासात अडथळा आणि खाजगी माहिती ही दोन्ही कारणं वीस वर्षांनंतर चालत नाहीत. १९९६ म्हणजे तुम्ही आरामात बसता.

अर्ज आपल्याकडे एका विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा, म्हणून दोन वेगळे करा. पहिल्यात फिर्याद, इन्क्वेस्ट (मृतदेहाचा पंचनामा), पीएम (शवविच्छेदन रिपोर्ट), जबाब, समरी रिपोर्ट यांच्या प्रती. दुसऱ्यात फक्त मुद्देमाल: रजिस्टरमधली या गु.र.नं.ची नोंद, प्रत्येक वस्तूचं काय झालं, आणि नष्ट केलं असेल तर त्या आदेशाची तारखेसकट प्रत. वहीचा उल्लेख वेगळा करू नका, यादीत आपोआप येईल. प्रत्येकाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, रजिस्टर एडीने पाठवा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्याला वीसचा स्टँप. पंचनाम्याच्या कॉपीचे आत्ताच दोन-तीन चांगले स्कॅन करून ठेवा आणि मूळ प्रत कुणाच्या हातात देऊ नका, माझ्यासारख्या वकिलाच्या पण नाही.