ग्रोथ हार्मोननंतर आतडं ग्लुटामाइन (एक अमिनो आम्ल) कमी घेतं, हे कसं सिद्ध करायचं?

आंत्रवेध:
पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर प्राण्यांच्या एका गटाला ग्रोथ हार्मोन दिलं, दुसऱ्याला सलाइन. तिसऱ्या दिवशी धमनी आणि पोर्टल व्हेन (आतड्याकडून यकृताकडे रक्त नेणारी शीर) यांतल्या ग्लुटामाइनचा फरक सलाइन गटात लिटरला 100 मायक्रोमोल, हार्मोन गटात 70. आतडं कमी घेतंय आणि ग्लुटामाइन स्नायूंसाठी वाचतंय, असं लिहिता येईल?

प्रवाहमापी:
एवढ्यावरून नाही. फरकाला रक्तप्रवाहाने गुणल्याशिवाय ग्रहण, म्हणजे आतड्याने मिनिटाला किती घेतलं ते, कळत नाही. समजा सलाइन गटात प्रवाह मिनिटाला 1 लिटर आहे, तर ग्रहण 100 मायक्रोमोल. हार्मोन गटात प्रवाह 1.4 लिटर असेल तर 70 × 1.4 = 98. म्हणजे काहीच बदललं नाही! पोर्टल व्हेनवर अल्ट्रासाउंड फ्लो प्रोब बसवा किंवा डाय-डायल्यूशन (रंगद्रव्य सोडून ते किती पातळ होतं यावरून प्रवाह काढणं) करा.

आणखी एक चूक फार जण करतात: मोजमाप प्लाझ्मातलं (पेशी वगळून उरलेल्या रक्तद्रवातलं) आणि गुणाकार पूर्ण रक्ताच्या प्रवाहाने. मिनिटाला 1000 मिली रक्तप्रवाह असताना हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) 40 टक्के असेल तर प्लाझ्माप्रवाह 600 मिली, 30 टक्के असेल तर 700. शस्त्रक्रियेनंतर हिमॅटोक्रिट घसरतोच, त्यामुळे प्रत्येक नमुन्यासोबत तो नोंदवा. शिवाय पोर्टल व्हेनमध्ये प्लीहा आणि स्वादुपिंडाचंही रक्त येतं, तेव्हा निष्कर्षात नुसतं ‘आतडं’ लिहू नका.

पिपेटधारी:
गणिताआधी नमुने तपासा. रक्त लगेच बर्फावर ठेवून थंड सेंट्रिफ्यूज, सल्फोसॅलिसिलिक आम्लाने प्रथिनं काढायची, उणे 80 अंशांवर साठवण. ग्लुटामाइन कमी आणि ग्लुटामेट-अमोनिया जास्त दिसलं तर विघटन आतड्यात झालं की नळीत, हा प्रश्न उरतो. लालसर झालेला नमुना टाकून द्या, कारण लाल पेशींमधलं ग्लुटामेट बाहेर पडून आकडा बिघडवतं.

ग्लुटामिनेज, म्हणजे ग्लुटामाइनचं ग्लुटामेट आणि अमोनिया करणारं एन्झाइम, त्याची क्रियाही मोजा. बफरमध्ये फॉस्फेट हवंच, त्याशिवाय हे एन्झाइम जवळजवळ गप्प राहतं. निकाल प्रथिनाच्या मिलिग्रॅममागे आणि आतड्याच्या सेंटिमीटरमागे, असा दोन्ही प्रकारे द्या. म्युकोसा (आतड्याचं आतलं अस्तर) झिजली असेल तर पहिला आकडा जसाच्या तसा राहतो आणि दुसरा पडतो. दोन्ही गटांचं खाणं सारखं ठेवलं होतं ना? नसेल तर हार्मोनचा परिणाम आणि उपासाचा परिणाम वेगळे काढता येणार नाहीत.

आंत्रवेध:
खाणं मोजून सारखंच दिलं होतं. प्रवाह मात्र मोजलेला नाही. ग्रहण खरोखर कमी निघालं, तर रुग्णांसाठी ते चांगलं म्हणायचं का?

अतिदक्षता:
दोन्ही बाजू आहेत. इजेनंतर कॉर्टिसॉलमुळे स्नायू ग्लुटामाइन सोडतात आणि त्यांचा साठा निम्म्यापर्यंत उतरू शकतो, म्हणून बचत आकर्षक वाटते. पण एन्टेरोसाइटचं (आतड्याच्या अस्तरातल्या पेशीचं) मुख्य इंधनही तेच. सोबत रक्तातलं सिट्रुलीन (आणखी एक अमिनो आम्ल) पाहा, ते बहुतांशी आतड्यातच बनतं. माणसात लिटरला साधारण 40 मायक्रोमोल असतं; 20 च्या खाली गेलं तर कार्यक्षम पेशी घटल्याची शंका घ्यावी. मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर आकडा फसवा, कारण सिट्रुलीनचं आर्जिनिन तिथेच होतं.

नायट्रोजनची (म्हणजे शरीरातल्या प्रथिनांची) बचत म्हणजे रुग्णाचा फायदा, हे समीकरण 1999 मध्येच मोडलं. अतिदक्षता विभागातल्या गंभीर रुग्णांना मोठ्या मात्रेत ग्रोथ हार्मोन दिल्यावर फिनलंडच्या चाचणीत मृत्यूचं प्रमाण 39 टक्के निघालं, प्लासिबो गटात 20. बहुराष्ट्रीय चाचणीत 44 विरुद्ध 18. तुमच्या प्राण्यांची इजा नियोजित आहे आणि त्यांचे अवयव शाबूत आहेत. चर्चेत हा फरक स्पष्ट लिहा आणि रक्तशर्कराही द्या. ग्रोथ हार्मोनने इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो, हे परीक्षक विचारणारच.